वॉल्टर मॉन्डेल: राज्याचा वकील, आरोपीच्या बाजूने

श्रोतेहो, नमस्कार.

वॉल्टर मॉन्डेल हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जिमी कार्टर यांच्या काळात ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. १९८४ साली रेगन यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पन्नास राज्यांपैकी एकच राज्य त्यांच्या पदरात पडलं, त्यांचं स्वतःचं मिनेसोटा. लोकांच्या लक्षात राहिला तो हा पराभव. मला मात्र आज त्यांची त्याआधीची वर्षं सांगायची आहेत. तेव्हा ते मिनेसोटा राज्याचे ॲटर्नी जनरल होते.

ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचा सर्वांत वरचा वकील. आपल्याकडे महाधिवक्त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. तिथे बहुतेक राज्यांत या पदासाठी चक्क निवडणूक होते. राज्य कोर्टात गेलं की राज्याची बाजू हाच माणूस मांडतो. हे लक्षात ठेवा, राज्याची बाजू. कारण आजची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

मॉन्डेल यांचा जन्म १९२८ चा, मिनेसोटातल्या सिलोन नावाच्या लहानशा गावातला. वडील मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक, आई संगीत शिकवायची. (घरात एक तरी वाद्य असावंच, मग ती जुनी बाजाची पेटी का असेना, असं माझं ठाम मत आहे. मुलांचा कान तयार होतो आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय लागते.) मॉन्डेल यांनी सैन्यात नोकरी केली, मग सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षण-मदतीवर कायद्याची पदवी घेतली. १९६० साली ॲटर्नी जनरलचं पद रिकामं झालं आणि गव्हर्नर ऑर्व्हिल फ्रीमन यांनी ते मॉन्डेलना दिलं. वय अवघं बत्तीस. पोलिओच्या रुग्णांसाठी म्हणून गोळा केलेल्या पैशांत एका संस्थेने केलेला घोटाळा त्यांच्या कार्यालयाने खणून काढला आणि त्यांचं नाव घरोघरी पोचलं. त्याच वर्षी लोकांनी त्यांना निवडूनही दिलं.

आता ती गोष्ट ऐका. ही मी कितीही वेळा सांगू शकते.

फ्लोरिडात पनामा सिटी नावाचं गाव आहे. १९६१ च्या जूनमध्ये तिथल्या एका ‘पूल’ (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळण्याच्या अड्ड्यात चोरी झाली. थोडी चिल्लर गेली, काही बाटल्या गेल्या. पोलिसांनी क्लॅरेन्स गिडियन नावाच्या माणसाला पकडलं. पन्नाशी उलटलेला, आठवीपर्यंत शिकलेला, आधी तुरुंगाच्या वाऱ्या केलेला. कोर्टात तो म्हणाला, मला वकील द्या, माझ्याकडे पैसे नाहीत. न्यायाधीश म्हणाले, फाशीची शिक्षा होण्याजोगा गुन्हा असेल तरच या राज्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. गिडियनने स्वतःच जमेल तशी बाजू मांडली. शिक्षा झाली पाच वर्षांची.

तुरुंगात बसून त्याने पेन्सिलने, रेघांच्या कागदावर, थेट सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. आणि कोर्टाने तो दाखल करून घेतला!

फ्लोरिडाच्या बाजूने लढायचं काम ब्रूस जेकब या तरुण सहायक ॲटर्नी जनरलकडे आलं. त्यांनी बाकीच्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलना पत्रं पाठवली. मजकूर साधा होता: वकील कुणाला द्यायचा हा राज्यांच्या अधिकाराचा प्रश्न आहे, तुम्ही आमच्या पाठीशी उभे राहा. त्यातलं एक पत्र मॉन्डेल यांच्या टेबलावर आलं.

इथे थांबून एक सांगते. हल्ली पत्राला स्वतः विचार करून उत्तर देणं जवळपास बंदच झालंय. कार्यालयातून छापील पोच येते, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, आणि विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. मॉन्डेलनी उत्तर दिलं. आशय असा, की राज्यांच्या अधिकारांवर माझाही विश्वास आहे, पण नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरही आहे, आणि गरीब आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. या उत्तराची प्रत त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे ॲटर्नी जनरल एडवर्ड मॅककॉर्मॅक यांना धाडली. मग दोघांनी मिळून इतर राज्यांना गाठलं.

परिणाम ऐका. मदत मागितली होती फ्लोरिडाने. वीसहून जास्त राज्यांनी सुप्रीम कोर्टात लेखी म्हणणं दिलं ते गिडियनच्या बाजूने! फ्लोरिडाच्या मागे फक्त दोन राज्यं राहिली, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना. पुन्हा सांगते, ज्यांचं कामच राज्याची बाजू मांडायचं, त्या वकिलांनी तुरुंगातल्या एका कफल्लक माणसाची बाजू उचलून धरली.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताने म्हणाले, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे.

ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला पुन्हा चालला. या वेळी शेजारी वकील होता. टॅक्सीवाल्याने साक्ष दिली, गिडियन मला म्हणाला होता की मी तुझ्या गाडीत बसलो हे कुणाला सांगू नकोस. ऐकायला किती संशयास्पद वाटतं! वकिलाने विचारलं, असं तो आधीही कधी म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, हो, नेहमीच म्हणतो, त्याचं बायकोशी पटत नाही. एका प्रश्नात साक्षीतली हवा गेली. ज्यूरी (निकाल देणारी नागरिकांची मंडळी) तासाभरात परत आली. निर्दोष.

मॉन्डेल १९६४ च्या अखेरीला सिनेटमध्ये गेले. पुढे उपराष्ट्राध्यक्षपद, मग जपानमध्ये राजदूत. २०२१ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

या निकालाचा धागा आपल्यापर्यंतही आला आहे. १९७८ साली महाराष्ट्र शासनाविरुद्धच्या एका खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य करताना गिडियनच्या खटल्याचा आवर्जून उल्लेख केला. आज प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे वकील फुकट मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगते, उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी फोन नंबर आहे एक-पाच-एक-शून्य-शून्य. लिहून घ्या: १५१००.

नमस्कार.