पंगतीतून उठलेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट

बंधुभगिनींनो, सलाम.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वतःला मरणे आणि विश्वासाने जगणे’. विषयाचे दोन भाग आहेत आणि मला पाऊण तास दिलाय. पहिल्या भागावर मी गेली चाळीस वर्षं विचार करतोय, त्यामुळे तो जरा लांबेल. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

नव्या करारातलं पौल प्रेषिताचं गलतीकरांस पत्र, अध्याय दुसरा, वचन विसावं. इथे बसलेल्या बहुतेकांना ते पाठ असेल. ‘मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, आणि ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो.’ आपल्या घरांत हे वचन भिंतीवर असतं, तरुण संघाच्या शिबिरात फलकावर असतं, कबरीच्या दगडावरही मी पाहिलंय. आता मला कोणीतरी सांगा, ह्या वचनाच्या सहा-सात ओळी वरती काय लिहिलंय?

बघा, मागे दोनच हात वर आले. वाईट वाटून घेऊ नका. मलाही ते माझ्या आजीने दाखवलं, आणि आजीला वाचता येत नव्हतं.

मी सहावीत होतो. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. मंडळी जुनी, आजोबांच्या वडिलांच्या वेळची. मंडळीत दोन आळ्यांची माणसं. बाप्तिस्मा दोघांचाही एकाच नदीच्या पाण्यात झालेला, पाळक एक, गीतं एक, पण आळ्या दोन. मोठ्या आळीचे लोक पुढे बसत, आमचे मागे. असा नियम कोणी केला नव्हता, आणि ज्याला कर्ता नाही असा नियम मोडायला फार जड जातो. नाताळला चर्चच्या आवारात सगळ्यांचं जेवण असे. लापशी, वांग्याचं कालवण, भात. कोणी काय आणायचं ते ठरलेलं. आमच्या आळीकडे सरपण आणि भांडी घासणं.

त्या वर्षी आजीने ठरवलं, आपण पाणी भरायचं. तिने तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केला, पहाटे आडावर जाऊन पाणी शेंदलं, फडक्याने गाळलं आणि हंडा पंगतीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. वर पेला पालथा घातला. उपासना सुटली, माणसं बाहेर आली. मंडळीच्या पंचांपैकी एक गृहस्थ हंड्यापाशी थांबले, हा कोणाचा म्हणून विचारलं, आणि कोणालातरी खूण केली. त्या पोराने हंडा उचलून मागे नेला आणि पाणी निवडुंगाच्या कुंपणाला ओतलं. आवाज नाही, भांडण नाही. दुसरा हंडा आला. पंगत बसली, प्रार्थना झाली, लोक जेवले. आजी भांडी घासायला बसली. मी तिच्या शेजारी राख घेऊन बसलो होतो. ती काही बोलली नाही. नुसती एकच परात घासत राहिली.

संध्याकाळी ती पाळकांकडे गेली, मला बरोबर घेऊन. पाळक मनाने कठोर नव्हते, हे मला आज सांगितलं पाहिजे. त्यांना भांडण नको होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. तिचं सगळं ऐकून त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि हेच वचन वाचलं. म्हणाले, ‘बाई, जो मेलाय त्याला मान काय आणि अपमान काय? मेलेल्याला राग येतो का? स्वतःला मरायला शिका.’ मग प्रार्थना केली आणि आम्हाला निरोप दिला.

घरी आल्यावर आजीने कंदील पुढे ओढला. मला म्हणाली, ‘पोरा, ते पाळकांनी वाचलं ते काढ.’ काढलं. ‘आता त्याच्या वरच्या अंगाला काय लिव्हलंय ते वाच.’

मी वाचत वर सरकलो. केफा, म्हणजे आपला पेत्र, अंत्युखियास आला होता. तिथे तो परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे बिगरयहूदी विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही माणसं आली, आणि त्यांच्या भीतीने तो मागे सरला, वेगळा राहू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदीही तसेच वागू लागले, बर्णबासुद्धा वाहवला. आणि पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर दोषी ठरवलं.

आजीने मला थांबवलं. ‘म्हंजी पंगतीतून उठला व्हय?’

मी म्हटलं, हो.

‘मंग हे उठणाऱ्याला सांगितलंय. पाळकांनी मला कशापायी वाचून दाखवलं?’

मित्रहो, मी पुढे धर्मशिक्षण घेतलं, ग्रीक शिकलो, ह्या पत्रावरची बरीच भाष्यं वाचली. आजीने कंदिलापुढे विचारलेल्या प्रश्नापलीकडे मला फारसं जाता आलेलं नाही. आज मला तेवढंच सांगायचंय.

‘मी मेलो’ हे वाक्य पौलाच्या तोंडी कुठे येतं ते पाहा. एकांतात, उपासात, डोळे मिटलेले असताना येत नाही. एका पंक्तिभेदाच्या भांडणात येतं. अंत्युखिया म्हणजे ओरंटीस नदीवरचं मोठं शहर, आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळालं ते तिथेच, ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अकराव्या अध्यायात. मला नेहमी वाटतं, बाहेरच्यांना त्यांना नवं नाव द्यावं लागलं, कारण यहूदी आणि बिगरयहूदी एका ताटाभोवती बसल्यावर जुनं कुठलंच नाव पुरेना. आणि नेमक्या त्याच गावात पंगत मोडली.

पेत्राला हे कळत नव्हतं असंही नाही. यापोच्या गच्चीवर त्याला दर्शन झालं होतं. भर दुपार, भूक लागलेली, खाली स्वयंपाक चाललेला, आणि यहूद्यांना वर्ज्य असलेले प्राणी घेऊन आकाशातून चादर उतरली, ‘मारून खा’ अशी वाणी झाली. (भुकेल्या माणसाशी देव अन्नाच्याच भाषेत बोलतो. आत्ता आपल्याही स्वयंपाकघरातून वास यायला लागलाय, तेव्हा नीट ऐका.) त्यानंतर तो कर्नेल्य ह्या बिगरयहूदी शताधिपतीच्या घरी गेला, तिथे जेवला, त्यासाठी यरुशलेमेत त्याला जाबही द्यावा लागला आणि त्याने तो दिला. एवढं होऊनही चार वजनदार माणसं गावाकडून आली तर हा खांब हलला. मग आपल्या गावचे पंच हलले ह्याचं काय नवल? म्हणूनच पौल पेत्राला नियमाचं कलम दाखवत नाही. तो म्हणतो, ज्या ‘मी’ला त्या माणसांची भीती वाटली तो ‘मी’ कधीच वधस्तंभावर गेलाय.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मूळ ग्रीकात अवतरणचिन्हं नाहीत. त्यामुळे पेत्राला उद्देशून केलेलं बोलणं चौदाव्या वचनात संपतं की एकविसाव्यापर्यंत जातं, ह्यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला त्या वादात शिरायचं नाही. बोलणं कुठेही संपो, विषय बदललेला नाही. आणखी एक. ‘बरोबर खिळलेला’ ह्यासाठी पौलाने जे क्रियापद वापरलंय, तेच शुभवर्तमानांत येशूबरोबर खिळलेल्या दोघांसाठी येतं. म्हणजे पौल स्वतःला त्या चोरांच्या रांगेत उभं करतो. आणि त्या क्रियापदाचं रूप आज्ञेचं नाही. ‘मर’ असं त्यात कुठेच नाही. घडून गेलेली आणि अजून टिकून असलेली गोष्ट त्यात सांगितलीय. आमच्या पाळकांनी त्याची आज्ञा केली, आणि तीही खाली बसलेल्या बाईला.

माझी तक्रार ही आहे. गेल्या चाळीस वर्षांत हे वचन मी कोणाला ऐकवलेलं पाहिलं? नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला. पगार थकलेल्या शाळेच्या शिपायाला. मंडळीचा हिशोब मागणाऱ्या तरुणाला. पंचांना, खजिनदाराला, व्यासपीठावर बसणाऱ्याला, म्हणजे आज मलासुद्धा, हे वचन कोणी ऐकवत नाही. पौलाने ते ऐकवलं मंडळीच्या आधारस्तंभाला, आणि स्वतःला. ‘मी’ म्हणतोय तो. यहूदी, परूशी, नियमशास्त्रात समवयस्कांच्या पुढे गेलेला असा ‘मी’. त्या ‘मी’कडे सोडण्यासारखं काहीतरी होतं. ज्याला कधी ‘मी’ म्हणूच दिलं नाही, त्याला मरायला सांगायच्या आधी निदान पंगतीत बसवायला हवं.

हे आपल्या महाराष्ट्रात घडलेलंही आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली, मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या, तरी सोवळं होतंच. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी बळजबरी केली नाही. आणि एक दिवस त्या बाईंनी स्वतःशीच वाद घातला की जात देवाने केली की माणसाने, आणि ठरवलं, आजपासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. त्यांनीच ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. मला तो क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी सोवळं मेलं, मग पाण्यात उतरल्या. माझ्या गावी आम्ही पाण्यात आधी उतरलो होतो, आणि दुसरं व्हायचं राहून गेलं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. दुसरा भाग पूर्णच राहिलाय, तेव्हा आता पळतो.

विश्वासाने जगणे. इथे पंडिता रमाबाईंशिवाय मला दुसरं कोणी सुचत नाही. बाप्तिस्मा १८८३, इंग्लंडात वाँटेजला. पण त्यांनी स्वतःच्या साक्षीत स्पष्ट लिहिलंय, की त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांना उमजलं ते विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताना. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या एका चर्चचा पाळक. १८५१ साली व्यासपीठावर उपदेश करता करता तो स्वतःच पालटला, आणि खाली बसलेल्या एकाने उठून आरोळी दिली, ‘पाद्रीसाहेब पालटले!’ संस्कृतच्या पंडितेला, सरस्वती पदवी मिळालेल्या बाईला, त्या पाद्र्यात स्वतःला पाहावं लागलं.

मग त्यांनी जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन ह्या तिघा ख्रिस्ती सेवकांची चरित्रं वाचली. म्यूलर ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळत, कुठल्याही माणसाकडे पैसा न मागता. ‘एक दिवस जॉर्ज म्यूलर मेला, त्याची मतं, आवडीनिवडी, इच्छा सगळ्यांसकट’ अशा अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. रमाबाईंना प्रश्न पडला, हिंदुस्थानात असं जगता येईल का? १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि उत्तर द्यायची वेळ आली. अमेरिकेतल्या संस्थेने मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं, उच्चवर्णीय विधवांच्या शारदा सदनासाठी, जिथे मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. दुष्काळातल्या बायकांसाठी कोणी वचन दिलेलं नव्हतं. पण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ह्या बाईंनी आई, वडील, बहीण अशी सगळी भुकेने जाताना पाहिली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावच्या माळावर. जात न विचारता. तिथून ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली.

आता पाहा, ‘स्वतःला मेलेली’ ही बाई लहान झाली का? विहिरी खणल्या, घाणा चालवला, छापखाना चालवला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून शेवटच्या दिवसांपर्यंत शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. आमच्या पाळकांच्या व्याख्येप्रमाणे मेलेला माणूस गप्प बसतो. केडगाव गप्प बसलेलं नव्हतं.

पाच मिनिटं. टिळकांचं १९१७. मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही शिष्य बरोबरीने बोलावले. वय छप्पन्नच्या आसपास, पगार बंद. दोन वर्षांत ते गेले. ह्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

आणि विसाव्या वचनाचा उत्तरार्ध. ‘देवाच्या पुत्रावरील विश्वास’ असं आपण वाचतो. ग्रीक शब्दांचा अर्थ ‘देवाच्या पुत्राचा विश्वासूपणा’ असाही होऊ शकतो. मला दोन्ही हवेत, पण पडत्या काळात दुसरा जास्त धरून ठेवता येतो. माझा विश्वास कमी-जास्त होतो. त्याचा विश्वासूपणा तसा होत नाही. म्यूलरांना, रमाबाईंना उद्याच्या धान्याची चिंता असताना झोप लागत असेल तर ती ह्या आधारावर.

आजीचं सांगायचं राहिलं. पुढच्या नाताळला तिने पुन्हा हंडा घासला, पाणी गाळलं आणि तिथेच नेऊन ठेवला. पुन्हा तो मागे गेला. तिसऱ्या वर्षीही ठेवला. मी तिला म्हणालो, आजी, कशाला? ती म्हणाली, ‘पाणी मी परभूसाठी भरते. सांडणाऱ्याचं मी काय ध्यानात ठिवू?’ हे तिला मरायला सांगून आलेलं नव्हतं. त्या तिसऱ्या वर्षी त्याच पंचांची धाकटी सून, लग्न होऊन सहा महिने झालेली, पंगत बसायच्या आत सगळ्यांदेखत पुढे आली, पेला सुलटा केला, पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायली. सासरा समोर होता. तिचा हात थरथरत होता, पाणी पदरावर सांडलं. त्या दिवशी आमच्या गावात कोण मेलं आणि कोण जिवंत झालं, हे मी सहावीतून आठवीत गेलेला मुलगा बघत होतो.

वेळ संपली. प्रश्नोत्तरं आता जेवताना. खाली पंगत मांडलीय, मी पाणी वाढायला आहे. ज्याला जे विचारायचं ते तिथे विचारा.