वाढती कृष्णविवरे आणि थांबलेली तारानिर्मिती

महाकाय कृष्णविवराचा प्रभाव म्हटला की आपल्याला आधी त्याचे गुरुत्वाकर्षण आठवते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 40 लाख पट आहे, तरीही दहा-वीस प्रकाशवर्षांपलीकडील ताऱ्यांना त्याची ओढ जवळजवळ जाणवत नाही. मग हजारो प्रकाशवर्षे पसरलेल्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, नवे तारे जन्मावेत की नाही, यात अशा कृष्णविवराचा हात कसा असेल?

उत्तर त्याच्या वाढीत आहे. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही. तो भोवती तबकडीसारखा फिरत राहतो, प्रचंड तापतो आणि आत शिरण्यापूर्वी आपल्या वस्तुमानाच्या सुमारे 10 टक्के भागाइतकी ऊर्जा बाहेर टाकतो. ताऱ्यांना तेवत ठेवणाऱ्या हायड्रोजनच्या संमीलनात हे प्रमाण 1 टक्काही भरत नाही. दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील तारे मिळून 10,000 कोटी सूर्यांइतके असतील आणि कृष्णविवर त्याच्या एक सहस्रांश, म्हणजे 10 कोटी सूर्यांइतके वाढले असेल, तर त्या वाढीत सुटलेली ऊर्जा संपूर्ण फुगवट्याला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शंभरपटीहून अधिक भरते. हा हिशेब मला आजही थक्क करतो, कारण या ऊर्जेचा लहानसा अंश जरी वायूत मुरला तरी तारानिर्मितीचा सारा कच्चा माल विस्कटू शकतो.

तारे जन्मतात ते अतिशीत, दाट वायूत. तो वायू उडवून लावणे हा तारानिर्मिती रोखण्याचा एक मार्ग. मार्केरियन 231 या दीर्घिकेतून असा थंड, रेणूंच्या रूपातला (रेण्वीय) वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर पडताना 2010 मध्ये दिसला. तिथे तारे घडण्यात खर्च होतो त्याहून जास्त वायू दर वर्षी दूर फेकला जात आहे.

मला मात्र दुसरा, संथ मार्ग अधिक महत्त्वाचा वाटतो. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या मोठ्या दीर्घिकासमूहात कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला आहे. क्ष-किरणांच्या रूपाने उष्णता गमावत तो निवत गेला, तर मधल्या दीर्घिकेत दर वर्षी शेकडो सूर्यांइतके तारे घडायला हवेत. प्रत्यक्षात त्या मानाने फारच थोडे घडतात. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या प्रतिमांत याचे कारण दिसते. कृष्णविवराच्या अगदी जवळून निघालेल्या वेगवान कणांच्या झोतांनी त्या वायूत प्रचंड पोकळ्या कोरल्या आहेत, त्यांभोवती लहरींची वलये पसरली आहेत, आणि गमावलेली उष्णता या मार्गाने वायूला परत मिळत राहते. इथे वायू हाकलला जात नाही, त्याला निवू दिले जात नाही.

झोत नेहमीच घातक ठरतो असेही नाही; एनजीसी 541 या दीर्घिकेतून निघालेल्या झोताच्या वाटेवर, वायू दाबला गेल्यामुळे, नवे तारे जन्मलेले आढळतात.

यावर एक रास्त आक्षेप येतो: ज्या दीर्घिकांची केंद्रे आज, तिथले कृष्णविवर वायू गिळत असल्याने, तेजाने तळपत आहेत, त्यांपैकी अनेकींत वायूही भरपूर असतो आणि तारेही घडत असतात. परंतु केंद्राचे तेज तारानिर्मितीच्या मानाने फार लवकर चढते-उतरते, त्यामुळे आजच्या तेजावरून परिणाम जोखणे चुकीचे ठरते. दीर्घिकेतील तारानिर्मिती थांबली आहे की नाही, याचा मेळ केंद्राच्या सध्याच्या तेजापेक्षा कृष्णविवराच्या एकूण वस्तुमानाशी, म्हणजे आजवर झालेल्या सगळ्या वाढीशी, अधिक चांगला बसतो.