सागाची चौकट, सहा तारा

(खिळा उपटल्याचा आवाज. तो पूर्ण होऊ द्यावा, मग निवेदन.)

हा खिळा एका वाड्याच्या दाराचा आहे. जुना वाडा उतरवला की कोरीव खांब, तुळया, दारं हातोहात जातात. चौकटीचे उभे मात्र कुणाला नको असतात. ते वखारीच्या मागे पडून राहतात, नाहीतर जळणात जातात. वर्षानुवर्षं मुरलेला, वाकायचा तेवढा वाकून झालेला साग. या एका उभ्यातून इथे इलेक्ट्रिक गिटारीची बॉडी तयार होणार आहे. बाकीचे भाग मोडीत निघालेल्या गिटारींचे: एकीचा नेक म्हणजे लांब दांडा, दुसरीचा ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, तिसरीचे पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या.

खिळे काढण्यात घाई चालत नाही. आत मोडून राहिलेला तुकडा वरून दिसत नाही, म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून लाकडावरून फिरवायचा. तो जिथे ओढ घेतो तिथे खूण करायची. लाकूड कोरणाऱ्या फिरत्या ट्रिमरचं बिट, म्हणजे पातं, खिळ्यावर आपटलं तर त्याचा तुकडा उडतो, आणि तो तोंडाच्याच दिशेने येऊ शकतो.

सुटे भाग जोडून गिटार बनवता येते, याचं श्रेय लिओ फेंडर यांचं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. 1950 मध्ये त्यांनी बाजारात आणलेली गिटार पुढच्या वर्षीपासून टेलिकास्टर म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा नेक बॉडीला चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी बसवलेला होता. बिघडला तो भाग काढा, दुसरा लावा. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने केलेली ही रचना आहे, आणि आजही घरी जोडलेल्या बहुतेक गिटारी तिच्यावरच उभ्या असतात.

लाकूड कुठलं, याला तेव्हाही बंधन नव्हतं. पाचगणीत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी ज्या क्वीन बँडमध्ये गायले, त्याचे गिटारवादक ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. तिचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा आहे आणि सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या.

(रंधा. सालपं पडताना जवळून.)

एका उभ्यातून साधारण 450 मिलिमीटरचे तीन तुकडे निघतात. दार टेकण्याची खाच कापून टाकली की प्रत्येकी 110 मिलिमीटर रुंदी उरते. तीन जोडले की 330, टेलिकास्टरच्या बॉडीला पुरेसे. जाडी 45 मिलिमीटर ठेवायची.

साग तेलकट असतो. जुन्या पृष्ठभागावर फेविकॉल लावला तर आज जोड पक्का वाटतो आणि उन्हाळ्यात सुटतो. म्हणून कडा ताज्या रंधून, एसिटोनने पुसून, कोरडी झाली की लगेच चिकटवायची. त्याआधी दोन तुकडे नुसते एकमेकांवर उभे करून उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड आला तर पुन्हा रंधा. शिकंजे आवळून फट मिटवता येते, पण ताण आतच राहतो.

बाहेरचा आकार रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापतात आणि उरलेलं ट्रिमरने, टेम्प्लेटला, म्हणजे साच्याला, धरून. बॉडीच्या शिंगासारख्या टोकाशी लाकडाच्या रेषा उलट्या येतात, तिथे लाकडाची ढलपी निघते. त्या जागी एका वेळी अगदी थोडंच कापायचं.

(ट्रिमर. निवेदन थांबतं.)

आता दिसतो आहे तो नेकचा खाचा. या गिटारीतलं सगळ्यात नाजूक काम हेच. खोली 16 मिलिमीटर, एका फेरीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. रुंदी सुमारे 56 मिलिमीटर असते, पण आकड्यावर विसंबू नये. हातातला नेक मोजून त्याच्यासाठीच खाचा करायचा. नेक दाबून बसला पाहिजे, इतका की स्क्रू न लावता नेक धरून उचलला तर बॉडी खाली पडू नये. सैल राहिला तर वाजवताना कुशीला सरकतो आणि सगळ्यांत बारीक, ई सुराची तार नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे फ्रेटच्या, कडेवरून घसरते.

स्क्रूंचं गणितही इथेच पाहून घ्यावं. बॉडी 45, खाचा 16, म्हणजे खाली 29 मिलिमीटर लाकूड. मागची पट्टी 2 मिलिमीटर. 45 मिलिमीटरचा स्क्रू नेकमध्ये 14 मिलिमीटर जातो. नेकची जाडी 25 आहे, त्यामुळे तो नेकवरच्या, बोटं टेकण्याच्या पट्टीतून, म्हणजे फिंगरबोर्डातून, वर येत नाही. बॉडीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, नेकमधलं लहान, 3 मिलिमीटरच्या आसपास. बॉडीतही आटे रुतले तर नेक पूर्ण बसत नाही, मध्ये केसाएवढी फट राहते. स्क्रूला कोरडा साबण घासला की कडक लाकडात तो मोडत नाही.

ब्रिजची भोकं नेक बसल्याशिवाय पाडू नयेत. नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. इथे 324 मिलिमीटर आले, म्हणजे स्केल, तारेची वाजणारी लांबी, 648. बऱ्याच गिटारींचं स्केल 628 च्या जवळ असतं. तसल्या गिटारीचा नेक या ब्रिजसमोर तसाच लावला तर गिटार कधीच सुरात येणार नाही. ब्रिजवर बारीक ई तारेला टेकू देणारी सॅडल 648 वर धरायची, पण मागे सरकायला जागा ठेवून, कारण जाड ई ला आणखी तीन-चार मिलिमीटर लागतात. आणि हा जो दोरा ताणलेला दिसतो आहे, तो दोन्ही ई तारांच्या जागी आहे. दोन्हीकडे फिंगरबोर्डच्या कडेपासून सारखं अंतर सुटलं, तरच ब्रिजची जागा ठरली.

(मेण. बुडबुडे दिसू लागेपर्यंत थांबावं.)

पिकअप जुने आहेत. मल्टिमीटरवर 6 ते 8 किलोओहमच्या दरम्यान आकडा आला तर गुंडाळी शाबूत. काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटली आहे. मोठ्या आवाजात शिट्टी घालणारा पिकअप मात्र फेकू नये. त्याच्या गुंडाळीतले वेढे सैल होऊन थरथरत असतात. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पॅराफिन वितळवून, 65 अंश सेल्सियसच्या जवळपास, त्यात तो पंधरा-वीस मिनिटं बुडवतात. निघणारे बुडबुडे आत अडकलेल्या हवेचे आहेत. ते थांबले की मेण आतपर्यंत पोचलं. भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही: मेण पेट घेतं, आणि त्याआधी प्लास्टिकची फिरकी वाकते.

जोडणीला 250 किलोओहमची दोन पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणारी बटणं, तीन जागांचा स्विच, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जॅक लागतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज मिळतं. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं आहे. ते दाबून धरल्याने पॉट आतून जळतं. पाठ घासून, मोठ्या आयर्नने तीन सेकंदांत काम उरकावं.

वेगवेगळ्या गिटारींचे पिकअप एकत्र आले की एक अडचण हमखास येते. एकेकटे छान वाजतात, दोन्ही लावले की आवाज पातळ होतो. दोघांची फेज उलट आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो. एकाच्या तारा अदलाबदल करायच्या. पण नेककडच्या पिकअपला धातूचं झाकण असेल, तर झाकणाला जाणारा जोड आधी कापून त्याला वेगळी अर्थिंगची तार द्यायची, नाहीतर झाकणच सिग्नलला लागतं आणि हात लावला की गुणगुण वाढते. ब्रिजखालून अर्थिंगची तार न्यायला विसरलात तर तीच तक्रार.

रंग नाही, चपडीचं पॉलिश. पावसाळ्यात करू नका, पांढरट डाग धरतं.

तारा चढल्यावर आधी नेकमधली सळई, ट्रस रॉड, आवळायची, पाव मिलिमीटरची कमान राहील इतकी. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची, जाड ई ला 2 मिलिमीटरच्या आत. सॅडल पार खाली नेऊनही तारा उंच राहिल्या, तर नेकच्या खाच्यात, ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर घालतात.

वजन चार किलोच्या घरात गेलं आहे, साग आहे तो. आवाज तुम्हीच ऐका.

(वादन.)

सूर जुळणी सर्वांत शेवटी आणि नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच, तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या, हार्मोनिकपेक्षा चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. दोन-तीन दिवसांनी, तारा ताणून झाल्या की पुन्हा एकदा.