प्रयोगशाळा सोडून गेलेली माणसे

मित्रहो,

हृदयविकार होऊच नये यासाठी काम करणाऱ्या बहुतेक संशोधन प्रयोगशाळांच्या माहितीपत्रात अगदी शेवटी 'माजी सदस्य' या शीर्षकाखाली नावांची एक यादी असते. नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि सध्या कोठे, एवढाच तिचा मजकूर. चालू प्रकल्प, प्रसिद्ध झालेले निबंध आणि सध्याचे सदस्य यांच्याविषयी वाचून झाल्यावर ज्याला सवड असेल त्याने ती पाहावी, अशा बेताने ती छापलेली असते. आज मला त्या यादीविषयीच बोलायचे आहे. या संशोधनशाखेत प्रश्न मांडणारी माणसे आणि उत्तर हाती येईपर्यंत प्रयोगशाळेत असणारी माणसे बहुधा वेगळी असतात, आणि मधला काळ जे निघून गेले त्यांच्या कामावरच तरलेला असतो, असे माझे मत आहे.

याचे मूळ रोगाच्या स्वभावात आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तरात मेद साचू लागतो तो तरुण वयात, आणि त्याचा परिणाम दिसतो तो बहुधा काही दशकांनी. उलटपक्षी संशोधनाचे अनुदान चार-पाच वर्षांचे असते, पीएचडीचा विद्यार्थी साधारण तेवढाच काळ थांबतो, आणि रक्तदाब मोजणारी, रक्त काढणारी, नोंदी संगणकात भरणारी माणसे कित्येकदा त्याआधीच दुसरीकडे जातात. रोगाचे घड्याळ आणि नोकरीचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही. शिवाय, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला बरा होऊन घरी जाणारा रोगी दिसतो. प्रतिबंधाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला मात्र आपल्यामुळे कोणाचा झटका टळला हे कधीच कळत नाही, कारण न आलेल्या झटक्याला चेहरा नसतो. लंडनचे साथरोगशास्त्रज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये प्रतिबंधाचा विरोधाभास मांडला: ज्या उपायाने संपूर्ण समाजाचे मोठे हित होते, त्यातून प्रत्येक व्यक्तीच्या वाट्याला फारच थोडे येते. रोझ सहभागी लोकांविषयी बोलत होते. पण मला त्यांचे म्हणणे संशोधकांनाही तितकेच लागू पडते असे वाटते. ज्याने पाच वर्षे राबून मोजमापे घेतली, त्याच्या हाती जाताना फारसे काही लागत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन जो अभ्यास सुरू झाला, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि कोणाला हृदयविकार होतो याकडे लक्ष ठेवायचे, अशी ती योजना होती. सुरुवातीच्या जुळवाजुळवीनंतर थॉमस डॉबर यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १९६१ मध्ये विल्यम कॅनेल, डॉबर आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांना 'जोखमीचे घटक' म्हणण्याची रीत तेथून रूढ झाली. डॉबर १९६६ मध्ये संचालकपद सोडून बॉस्टन विद्यापीठात गेले, म्हणजे आपल्या यादीच्या भाषेत ते माजी सदस्य झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारी संस्थेने ठरवले की, वीस वर्षांची मूळ मुदत संपत आली असल्यामुळे अभ्यास गुंडाळावा. त्या वेळी खासगी देणग्या मिळवण्यासाठी जे लोक झटले त्यांत डॉबर पुढे होते. अभ्यास तगला, आणि १९७१ पासून बॉस्टन विद्यापीठाशी झालेल्या कराराने त्याला नवा आधार मिळाला. त्याच वर्षी मूळ सहभागींची मुले आणि त्या मुलांचे जोडीदार अशा ५,१२४ जणांची दुसरी पिढी अभ्यासात आली, आणि २००२ पासून तिसरी. हृदयविकार घराण्यात कसा उतरतो याविषयी फ्रेमिंगहॅममधून जे काही कळले, त्यातले बरेचसे या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीमुळे कळले. पदावर नसलेल्या माणसाने त्या वेळी स्वस्थ बसायचे ठरवले असते, तर आज आपण या अभ्यासाविषयी कोणत्या काळात बोललो असतो, याचा विचार करून पाहावा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठातले आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तेथे माणसे बाहेर जाताना काय घेऊन गेली हे स्पष्ट दिसते. ॲन्सेल कीझ यांची शरीरक्रियाविषयक प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या बैठकांखाली भरत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ३६ स्वयंसेवकांवर झालेला उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग येथलाच, आणि १९५८ पासून सुरू झालेला सात देशांचा अभ्यासही येथूनच चालवला गेला. फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, जपान आणि अमेरिका या देशांतील १६ गटांमध्ये ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष त्यात होते. अडचण अशी होती की, एका देशातला डॉक्टर ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांचा आलेख, पाहून ज्याला झटक्याची खूण म्हणेल, त्याला दुसऱ्या देशातला डॉक्टर किरकोळ फरक म्हणून सोडून देईल. मग देशादेशांतल्या आकड्यांची तुलना कशाच्या जोरावर करायची? १९६० मध्ये हेन्री ब्लॅकबर्न, कीझ, अर्न्स्ट सायमन्सन, पेंटी राउताहार्यू आणि पुन्सार या पाच जणांनी ईसीजी वाचण्याची सांकेतिक पद्धत प्रसिद्ध केली. कोणत्या लाटेची उंची किती, रुंदी किती, ती कोणत्या लीडमध्ये (म्हणजे छातीवरच्या वा हातापायांवरच्या कोणत्या जोडणीतून) दिसली, यावरून ठरावीक क्रमांक द्यायचा. वाचणाऱ्याने स्वतःचा अंदाज त्यात मिसळायचा नाही. ही 'मिनेसोटा संकेतावली' आजही जगभरच्या पाहण्यांमध्ये वापरली जाते.

पुढे राउताहार्यू कॅनडात हॅलिफॅक्सला गेले आणि ईसीजीचे असे वाचन संगणकाकडून कसे करून घेता येईल यावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. ब्लॅकबर्न मिनेसोटातच राहिले, १९७२ मध्ये कीझ निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि त्याआधी १९६८ मध्ये जेफ्री रोझ यांच्यासह त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी हृदयविकाराच्या पाहण्या कशा कराव्यात याची पुस्तिका तयार केली होती. ती वाचून किती देशांतल्या किती तरुण संशोधकांनी रक्तदाब मोजायला घेतला असेल, हे कोणत्याही यादीत सापडणार नाही. कीझ यांच्या निवृत्तीनंतरही सात देशांचा अभ्यास चालत राहिला. इटलीचे आलेस्सांद्रो मेनोत्ती आणि नेदरलँड्सचे डान क्रोमहाउट यांनी तो पुढे नेला, आणि काही गटांचा पाठपुरावा पन्नास वर्षांपर्यंत पोहोचला.

या अभ्यासातल्या आहाराच्या नोंदींविषयी थोडे सविस्तर सांगतो. कीझ यांच्या निष्कर्षांवर बरीच टीका झाली आहे आणि तिच्यातली काही विचारात घेण्याजोगीही आहे. परंतु टीकेला उत्तर द्यायचे तरी मूळ नोंदी लागतात. सुरुवातीच्या काळात, म्हणजे १९६० च्या आसपास, कोणत्या गटातील पुरुष कोणकोणते पदार्थ किती खात होते, हे तेव्हाच्या मंडळींनी पदार्थनिहाय लिहून ठेवले होते. निव्वळ 'मेद इतके टक्के' असे लिहून त्यांनी काम संपवले नाही. म्हणूनच १९८७ मध्ये त्या त्या भागात जाऊन तेच पदार्थ त्याच प्रमाणात गोळा करता आले आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत त्यांचे एकत्रित रासायनिक पृथक्करण करता आले. ट्रान्स मेद (मुख्यतः तेल घट्ट करताना तयार होणारा मेद) किंवा फ्लाव्होनॉइड (वनस्पतींतील एक प्रकारची द्रव्ये) यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हा प्रश्न मूळ नोंदी करणाऱ्यांच्या मनातही नव्हता. तरीही पंचवीसहून अधिक वर्षांनी त्यांच्याच वह्यांच्या आधारे तो तपासता आला. त्या वह्या भरणाऱ्यांपैकी अनेकजण तोवर त्या कामात राहिले नव्हते.

रक्ताच्या नमुन्यांचीही हीच गोष्ट. अमेरिकेत १९८७ मध्ये चार ठिकाणी १५,७९२ लोकांचा, धमनीकाठिण्याच्या (मेद साचून धमन्या कठीण व अरुंद होण्याच्या) जोखमीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातले एक केंद्र मिनीॲपोलिसच्या उपनगरांत होते आणि ते कीझ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे उभ्या राहिलेल्या विभागाने चालवले. १९८७ ते १९८९ या काळात सहभागींचे रक्त काढून, त्याचे भाग करून, नीट खुणा घालून ते गोठवून ठेवले गेले. तेव्हा पीसीएसके९ हे जनुक कोणाला माहीत नव्हते; कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध २००३ मध्ये उघड झाला. २००६ मध्ये जोनाथन कोहेन, हेलन हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी याच अभ्यासातील कृष्णवर्णीय सहभागींच्या जनुकांची तपासणी केली. ज्यांच्यात हे जनुक निकामी करणारे बदल होते असे सुमारे २.६ टक्के लोक त्यांना आढळले. त्यांचे एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे 'वाईट', कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते, आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी भरले. जन्मापासून कोलेस्टेरॉल थोडे कमी असण्याचा फायदा इतका मोठा असतो, हे त्यातून कळले, आणि या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारी औषधे तयार करण्याच्या प्रयत्नांना जोर आला. हॉब्ज स्वतः ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या. कोलेस्टेरॉलच्या नियंत्रणावरील कामासाठी त्या दोघांना १९८५ चे नोबेल मिळाले होते. निबंधात हॉब्ज यांचे नाव आहे, आणि ते असायलाच हवे. पण त्या नळ्यांवर चिठ्ठी बरोबर चिकटवणाऱ्या, आणि नमुना उशिरा गोठवला गेला तर तसे प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या तंत्रज्ञाचाही त्या निष्कर्षात वाटा आहे.

माणसे प्रयोगशाळेतून बाहेर पडताना मुख्यतः मोजमापाची शिस्त घेऊन जातात, असे मी म्हणतो ते यामुळे. रक्तदाब मोजणे सोपे वाटते. प्रत्यक्षात सहभागीला पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला आणि हाताला आधार द्यायचा, दंडाच्या घेराप्रमाणे पट्टा निवडायचा, बोलू द्यायचे नाही, एकापेक्षा अधिक वेळा मोजायचे, आणि दिसेल तोच आकडा लिहायचा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. माणसाचा हात आपोआप शून्याकडे झुकतो. १३८ चे १४० होतात, १४२ चेही १४० होतात. एका रुग्णाच्या बाबतीत याने बिघडत नाही, पण हजारो लोकांच्या अभ्यासात १४० ही सीमारेषा धरली, तर कोणाला उच्च रक्तदाब आहे याचा हिशेबच सरकतो. हा दोष आवरण्यासाठी रोझ आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये असे उपकरण तयार केले की, मोजणाऱ्याला मोजताना आकडा दिसतच नसे. पुढे १९७० मध्ये शून्याची जागा दर वेळी बदलणारा रक्तदाबमापक आला. ज्या माणसाने या शिस्तीत दोन वर्षे काढली आहेत, तो नंतर दवाखान्यात काम करो, औषध कंपनीत करो किंवा शाळेत शिकवो, घाईने मोजलेल्या आकड्यावर तो सहसा विश्वास ठेवत नाही. यशस्वी माजी सदस्य म्हणजे प्राध्यापक झालेला माजी सदस्य, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. संशोधन सोडून वैद्यकीय व्यवसायात गेलेल्याविषयी 'तो क्षेत्राबाहेर गेला' असे म्हटले जाते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. प्रतिबंध अखेर जेथे घडायचा असतो तेथेच तो गेलेला असतो.

आता यादीविषयी काही अपेक्षा. बऱ्याच प्रयोगशाळांच्या यादीत पदव्युत्तर संशोधक आणि विद्यार्थी असतात; परिचारिका, आहारतज्ज्ञ, रक्त काढणारे, ईसीजी वाचणारे आणि सहभागींना पुढच्या तपासणीसाठी फोन करणारे नसतात. दीर्घ अभ्यासात लोक गळू न देणे हे सगळ्यांत कठीण काम असते, आणि ते बहुतांशी या शेवटच्या मंडळींच्या आपुलकीवर चालते. सहभागीला संचालकाचे नाव आठवत नाही. आपली चौकशी करणारी बाई आठवते. ती नोकरी सोडून जाते तेव्हा तिच्या जागी येणाऱ्याची त्या कुटुंबांशी ओळख करून देण्यासाठी काही दिवस राखून ठेवावेत, यासाठी अनुदानाच्या अर्जात वेगळी तरतूद मागायला कोणी संकोचू नये.

लेखकत्वाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांप्रमाणे, भरीव योगदान, मसुदा लिहिणे किंवा तपासणे, अंतिम रूपाला संमती आणि कामाविषयी उत्तरदायित्व या चारही अटी पूर्ण करणारा माणूस लेखक ठरतो. निघून गेलेला माणूस पहिली अट पूर्ण करतो, परंतु त्याला मसुदा कोणी पाठवला नाही तर उरलेल्या अटी तो पूर्ण करू शकत नाही, आणि मग त्याचे नाव गळते. त्याच समितीने हेही स्पष्ट केले आहे की, पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या अटी पूर्ण करण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणून माणूस जातानाच त्याचा टिकणारा पत्ता घ्यावा, कोणत्या विदेवर (म्हणजे नोंदींच्या संचावर) त्याने काम केले ते लिहून ठेवावे, आणि पुढे त्यावर निबंध होऊ लागला तर त्याला कळवण्याची जबाबदारी कोणाची हे नावानिशी ठरवावे. हे आपोआप होईल असे समजणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ते होत नाही.

दुसऱ्या बाजूने, जाणाऱ्याचेही कर्तव्य आहे. सहभागींनी संमती दिलेली असते ती अभ्यासाला; व्यक्तिगत संशोधकाला नव्हे. त्यामुळे विदेची प्रत स्वतःजवळ ठेवून निघून जाणे अयोग्य आहे, मग हेतू कितीही चांगला असो. त्याने मागे ठेवायचे ते इतरांना वाचता येईल असे: कोणत्या रकान्यात काय आहे, कोणत्या महिन्यात यंत्र बदलले, कोणत्या आठवड्यात पट्टा कमी मापाचा वापरला गेला आणि त्या नोंदींचे काय करावे.