तहान दाबून बसलेला बाजार

(दृश्य: भाजीबाजार, मे महिन्यातली दुपार. जमिनीवर अंथरलेली पोती, त्यावर मेथी, कोथिंबीर, गिलकी.)

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. धुळं, नंदुरबारही फार मागे नसतं. या उन्हात कोथिंबिरीवर पाणी मारलं नाही, तर तासाभरात ती मान टाकते. म्हणून भाजीवाल्या मावशी थोड्या थोड्या वेळानं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतात आणि जुड्यांवर शिंपडतात. त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहा. बाटली तोंडाला काही लागत नाही.

पहाटे गावाहून निघताना चहा झाला, तो झाला. आता पाणी घरी गेल्यावर, दिवेलागणीला. का, असं विचारलं तर अहिराणीत उत्तर येतं, "पानी पेसू, मंग जासू कोठे?"

शेजारचा कांदेवाला मात्र "जरा गल्ल्याकडे बघ" म्हणून उठतो आणि दोन मिनिटांत परत येतो. त्याला मुतारी आहे. ती नसली तर भिंत आहे. तो दिवसभर पाणी पितो.

लघवी दाबून धरणं आणि पाणीच न पिणं, या दोन्हींचा हिशोब शरीर ठेवत असतं. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगात कणकण, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग. बाई गरोदर असेल तर धोका आणखी वाढतो. उन्हाळ्यात पाण्याविना बसलेल्या माणसाला उष्माघातही लवकर गाठतो. दवाखान्यात गोळ्या मिळतात आणि "पाणी भरपूर प्या" असा सल्ला मिळतो. गोळ्या घेतल्या जातात. पाण्याचा सल्ला बाजारात पाळता येत नाही.

(दृश्य: धुळे. सरळ रेषेत जाणाऱ्या जुन्या गल्ल्या.)

शहर आखणं खानदेशाला नवं नाही. १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खानदेशाच्या कारभाराचं ठाणं धुळ्यात आणलं, व्यापाऱ्यांना बोलावून नवी वस्ती वसवली आणि सरळ रस्ते पाडले. या गल्ल्यांचा धुळेकरांना आजही अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण शहर आखताना डोळ्यांसमोर जो माणूस असतो, तो बहुतेक वेळा पुरुष असतो: सकाळी कामाला निघणारा, संध्याकाळी परतणारा, सोबत ना मूल, ना म्हातारी सासू, ना महिन्याची पाळी. त्याच्या अंदाजानं रस्ता आखला जातो, बसथांबा ठरतो आणि स्वच्छतागृहही.

आता नकाशावरचं एक साधं गणित बघू. समजा, एका चौकात स्वच्छतागृह बांधायचं आहे. जागेचे दोन सारखे भाग केले, अर्धा पुरुषांना, अर्धा बायकांना. कागदावर अगदी समान वाटप. पुरुषांच्या अर्ध्या भागात दोन संडास आणि चार मुताऱ्या बसतात, म्हणजे एका वेळी सहा जण. बायकांच्या तेवढ्याच जागेत तीन संडास बसतात, म्हणजे एका वेळी तिघी. त्यातून बाईला वेळ जास्त लागतो. साडी सावरायची, पिशवी अडकवायची, दाराची कडी लावायची, पाळी असेल तर पॅड बदलायचं, लहान मूल असेल तर त्यालाही सांभाळायचं. बाईला साधारण दीडपट ते दुप्पट वेळ धरला, तर सहा पुरुष मोकळे होतात तेवढ्या वेळात जेमतेम दोघी बाहेर पडतात. म्हणून रांग नेहमी बायकांच्याच बाजूला दिसते. बायका उगाच वेळ लावतात असं म्हणून हसणाऱ्यांनी एकदा तो नकाशा समोर ठेवून बघावा.

हे गणित सरकारला माहीत नाही असंही नाही. वस्तीतल्या सामुदायिक शौचालयांसाठी स्वच्छ भारत अभियानाचा निकष ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ बायकांमागे एक सीट असा आहे. न्यूयॉर्क शहरानं २००५ मध्ये कायदाच केला, की नाट्यगृह, बार अशा नव्या सार्वजनिक जागांत पुरुषांच्या एका जागेमागे बायकांसाठी दोन हव्यात. बाजारपेठेतल्या स्वच्छतागृहाला मात्र आपण अजून निम्मं-निम्मं करूनच न्याय केला असं मानतो.

(दृश्य: स्वच्छतागृहाचं दार. कडीच्या जागी सुतळी. बाहेर एक बाई दार धरून उभी.)

मैत्रिणीनं दार धरायचं, मग हिनं तिचं धरायचं. कडी तुटलेली आहे. आत पिशवी अडकवायला खिळा नाही, म्हणून दिवसाची कमाई असलेली पिशवी दातात धरायची. पॅड टाकायला डबा नाही. संध्याकाळी दिवा लागत नाही, आणि बाजारातली खरी गर्दी संध्याकाळीच असते. अशा ठिकाणी शौचालय "आहे" अशी नोंद होते आणि बाई तिथे जात नाही. मग वापर कमी आहे म्हणून देखभाल कमी होते आणि थोड्याच दिवसांत दाराला कुलूप लागतं.

शिवाय पैसे. मुतारी फुकट, संडासाला पैसे, अशी पद्धत कित्येक ठिकाणी आहे. बाईला वेगळी मुतारीच नसते, त्यामुळे साध्या लघवीलाही तिला संडासाचे पैसे पडतात. पाच रुपये धरले, तरी दिवसातून तीनदा गेल्यावर पंधरा रुपये होतात. कोथिंबिरीच्या जुड्या विकून घर चालवणारीला पंधरा रुपये जड जातात. याच मुद्द्यावर २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, ही चळवळ उभी राहिली. बायकांना स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुताऱ्या द्या, ही तिची मागणी. सुरुवातीला लोक नावालाच हसले, पण कार्यकर्त्या शौचालयांची पाहणी करत राहिल्या, मोजत राहिल्या, महापालिकेच्या दारात जात राहिल्या.

पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या स्त्रीविषयक मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना आदेश दिले, की रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृहं उभारा. मुळात महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या ही बंधनकारक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाल्या, तेव्हापासून हे कलम दोघींनाही लागू आहे. म्हणजे बायका मागताहेत ती मेहरबानी नाही. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींसाठीही वेगळ्या स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. त्यांना तर आज दोन्ही दारांवर हटकलं जातं.

(दृश्य: एसटी स्टँड. नवापूर, शिरपूर, चोपड्याच्या गाड्या. उतरणाऱ्या बायका.)

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बाया एकट्या निघू लागल्या: माहेरी, दवाखान्यात, कॉलेजला, तालुक्याच्या बाजाराला. ही फार मोठी गोष्ट आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल बायका पोराबाळांसह दिवसभर असतात. प्रवास स्वस्त झाला, पण उतरल्यावर पुढचे सहा तास काढायचे कुठे, याचं उत्तर तिकिटावर नसतं. ज्या मुलीला घरी परतेपर्यंत दाबून धरावं लागतं, ती ग्रंथालयात थांबत नाही, जास्तीचा क्लास लावत नाही. तिची वेळ स्वच्छतागृह ठरवतं.

(दृश्य: नगररचना कार्यालय. भिंतीवर विकास आराखडा.)

उद्यान, शाळा, वाहनतळ यांची जागा विकास आराखड्यात राखून ठेवलेली असते. बायकांच्या स्वच्छतागृहाची जागाही तशीच राखून ठेवायला हवी. उरलेल्या कोपऱ्यात, कचराकुंडीशेजारी ते ढकलून चालणार नाही. राज्यातल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. सभागृहात हा विषय मांडायला माणसं आहेत. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानं नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश बायका असायला हव्यात. तिथेही हे बोलता येतं.

आणि आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, की नगररचना अधिनियमानुसार त्यावर कुणालाही हरकती आणि सूचना देता येतात. अर्जात चौकाचं नाव लिहायचं. त्या बाजारात किती बायका बसतात आणि किती वाजेपर्यंत, तेही लिहायचं. जवळचं चालू स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते स्वतः चालून मोजायचं. पुरुषांच्या जागा किती, बायकांच्या किती, आकडे लिहायचे. मुतारी मोफत, कडी, पाणी, दिवा, पॅडसाठी डबा आणि रात्री बाजार उठेपर्यंत उघडं दार, एवढ्या मागण्या करायच्या. खाली बाजारातल्या बायकांच्या सह्या घ्यायच्या, अंगठे असतील तर अंगठे, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ ठेवायची.