एफआय गाडी पेट्रोल पिते? इंजेक्टर खोलायच्या आधी हे तपासा

नमस्कार मंडळी. मोटरसायकल जुनी आहे, एफआय आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी (फ्युएल इंजेक्शन), पूर्वी 50 चं ॲव्हरेज द्यायची आणि आता चाळिशीवर आली आहे. गॅरेजमध्ये नेली की पहिला सल्ला ठरलेला असतो, इंजेक्टर साफ करून घ्या. त्याने फरक पडला नाही की प्लग, मग पंप, आणि शेवटी कोणीतरी ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, नाव काढतो. माझं मत असं आहे की हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत, खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या गाडीचा इंजेक्टर सगळ्यात शेवटी खोलायचा. आधी वायरिंगचे कनेक्टर बघायचे. का, ते आज नीट समजावून सांगतो.

पण त्याआधी ॲव्हरेज खरंच पडलंय का हे मोजा. मीटरवरचा पेट्रोलचा काटा मोजमापासाठी उपयोगाचा नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, टाकीच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, तशीच उभी करून, त्याच कडेपर्यंत भरा. निदान दोन-तीन टाक्या असं करा. रस्ताही साधारण तोच हवा. कुंभार्ली घाट चढून कराडला गेलेली टाकी आणि गुहागरच्या आसपास फिरलेली टाकी यांची तुलना होत नाही. पुढचा स्प्रॉकेट बदललेला असेल तर किलोमीटर बरोबर पडतात का तेही बघा. काही गाड्यांत वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो, तिथे दात कमी-जास्त झाले की मीटर चुकतं. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आहेतच पडताळायला.

आता इथेनॉल. सध्या पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडं ॲव्हरेज जाणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी, म्हणजे मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून ई10 ला जुळवलेल्या गाड्यांसाठी, 3 ते 4 टक्के घट सांगितली आहे. म्हणजे 50 चे 48 होतील. 40 झाले असतील तर दोष गाडीत आहे, आणि तो सापडतो.

[मागचं चाक फिरवताना]

चाक हाताने फिरवा. सहज फिरायला हवं. बंदरावरून मासळीची पेटी बांधून नेणाऱ्या गाड्यांचं मागचं चाक तर हमखास बघा. पेटीतलं खारट बर्फाचं पाणी थेट ब्रेकवर आणि चेनवर ठिबकत असतं. डिस्क असेल तर कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, ड्रम असेल तर आतला कॅम जाम होतो, आणि ब्रेक सोडला तरी लायनर घासत राहतं. टायरची हवा, चेनचा ताण, एवढं झालं की पुढे चला.

आता मुख्य गोष्ट. पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो, पण त्याला इंजिन दिसत नाही. सेन्सर जे सांगेल ते तो खरं मानतो. त्यातला एक सेन्सर इंजिनचं तापमान सांगतो. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून सकाळी ईसीयू मिश्रण जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, ठेवतो आणि इंजिन तापलं की हात आखडता घेतो. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा. थंड असताना जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच सेन्सरांत 20 अंशाला तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, 60 अंशाला साधारण 600 आणि 80 अंशाला 300 च्या थोडा वर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

[कनेक्टर जवळून दाखवा, हिरवी पडलेली पिन]

ही पिन बघा. हिरवट थर दिसतोय? खाऱ्या हवेने तांब्याला धरलेला हा गंज. तारेतून वीज जाते, पण अडखळत जाते. समजा या गंजाने 300 ओहमचा अडथळा वाढवला. इंजिन 80 अंशावर आहे, सेन्सर बरोबर 300 सांगतोय, पण ईसीयूपर्यंत पोचताना ते 600 झाले. ईसीयूला वाटतं इंजिन अजून 60 वरच आहे, आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. यात त्याची काही चूक नाही. चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, कारण 60 अंश हे अगदी शक्य असलेलं तापमान आहे. वायर पूर्ण तुटली तर दिवा लागेल, स्कॅनरवर दोषाचा कोड मिळेल, मेकॅनिकला पाच मिनिटांत कळेल. अर्धवट गंजलेली पिन मात्र स्कॅनर लावूनही सहज निसटते. म्हणून "कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक" हे कोणी सांगितलं तर मानू नका.

तपासायची रीत सांगतो. चावी बंद. कनेक्टर काढा, मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स थंड इंजिनवर मोजा, गाडी फिरवून आणून गरम असताना मोजा. सेन्सर बरोबर निघाला आणि तरी शंका असेल तर स्कॅनरवर ईसीयूला काय तापमान दिसतंय ते बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. पिना काँटॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा. बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला जिथे बोल्टने लागते तिथेही गंज खरवडून काढा. पाऊस संपला की, दसरा-दिवाळीच्या सुमारास, हे काम दरवर्षी करावं.

दुसरा सेन्सर ऑक्सिजनचा. तो सायलेन्सरच्या बेंड पाइपवर असतो आणि जळलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. आपल्याकडे बेंड पाइप गंजतो, हेडजवळची गॅस्केट बसते, आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसते, तो सांगतो पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू वाढवतो. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी लावा, गाडी चालू करून लगेच बुडबुडे येतात का बघा. गळती निघाली तर गॅस्केटच बदला. साधं सिलिकॉन सीलंट तिथे फासू नका, त्याच्या वाफेने हा सेन्सर निकामी होतो.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात. जांभ्याच्या लाल धुळीने तो चोंदतोच, जरूर बदला. पण कार्बोरेटरच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण जाड व्हायचं, तसं एफआयमध्ये सहसा होत नाही. ईसीयू हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो. गाडीची ताकद जाते, ॲव्हरेज फारसं नाही. आणि थ्रॉटल बॉडीवरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा, कंपनीने रंग लावून बंद केलेला स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका. ते कार्बोरेटरचं ट्युनिंग नव्हे.

आता प्लग काढा. टोक विटकरी-करडं असेल तर मिश्रण ठीक आहे, पुन्हा चाकांकडे वळा. कोरडी काळी काजळी असेल, वरचं सगळं तपासून झालं असेल, तरच इंजेक्टर. तो बंद असतानाही ठिबकतो का, फ्युएल प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आहे का, हे मशीनवर तपासून घ्या.

ठिबकणारा इंजेक्टर निघाला तर आणखी एक काम आहे. ऑइलची काडी किंवा झाकण काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी आपोआप वर आलेली दिसली, तर ते ऑइल पातळ झालंय. इंजेक्टर दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय ती गाडी चालू करू नका.