मागच्या दारची दोरी

कपडे वाळत घालावेत तशा मांसाच्या या पट्ट्या दोरीवर टाकल्यात. उन्हानं त्या काळपट होतील, आखडतील आणि पूर्ण वाळल्या की लाकडासारख्या कडक होतील. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये यांना चान्या म्हणतात.

मेलेलं जनावर ओढून नेणं हे गावकीनं महारांच्या गळ्यात बांधलेलं काम. त्या जनावराचं मांस वाट्याला यायचं. पण एकदम एवढं खाणार किती आणि ठेवणार कुठं? जवळ होतं ते ऊन आणि मीठ. म्हणून मांस कापायचं ते लांब आणि पातळ. पट्टी जाड राहिली तर वरून वाळते, आतून नासते.

ताज्या मांसात ७० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ते उडालं की किलोभर मांसाचं साधारण ३०० ग्रॅम उरतं. प्रथिनं आणि लोह मात्र बहुतेक सगळं त्यातच. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांमधला गरजेचा घटक कमी, मांसात तो भरपूर. ज्वारीतलं लोहही मांसाच्या जोडीनं जास्त अंगी लागतं. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तर भाकरीत नाही, डाळीतही नाही.

मजुरी नसली, पाऊस लागला, की साठवलेल्या चान्या बाहेर निघायच्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीशी, नाहीतर मिरची-मीठ घालून पातळ कालवण. चरबी आधीच वितळवून वेगळी ठेवलेली असायची, तेलाच्या जागी.

याचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. वाळवल्यानं जंतूंची वाढ थांबते, ते मरतातच असं नाही. जनावर काळपुळीनं गेलेलं असेल, तर रोगाचे बीजाणू वाळल्या मांसातही तग धरतात. मीठ जास्त, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी जपूनच.

शिवाय प्रश्न पोटापुरता कधीच नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. कित्येक घरांतून ते गेलं, आणि त्याबरोबर चान्यांचं नावही चारचौघांत निघेनासं झालं. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली.

या दोरीवरचं मांस म्हशीचं आहे. दोरी मुद्दाम मागच्या दारी बांधलीय, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. चित्रीकरणाला या घरच्या बाई तयार झाल्या, पण एका अटीवर. फक्त हात दाखवायचे.